सत्कार कुणाचा आणि कशासाठी?

(विहाराच्या वर्धापनदिनी, वसतिगृहाच्या माजी विद्यार्थ्यांच्या सत्कार समारंभात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीट करून लिहून काढले आहे.)



तथागत भगवान बुद्ध, परमपूज्य बाबासाहेब आणि आपल्या रत्नागिरी जिल्ह्याची लेक माता रमाई यांच्या स्मृतीस वंदन करून आम्ही दोन शब्द बोलायला उभे आहोत. दोन शब्द म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो. आम्हाला दोन शब्दांत आवरता येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे.

समितीने आम्हाला सांगितले की सत्कारमूर्तींबद्दल तुम्ही बोला. आम्ही म्हटले, अहो, तिथे डॉक्टर आहेत, इंजिनीअर आहेत, बँकेचे साहेब आहेत, प्राध्यापक आहेत. आम्ही गिरणीच्या त्रासनखात्यात बॉबिनी बदलणारा माणूस. आम्ही काय बोलणार? तर अध्यक्ष म्हणाले, तुम्हीपण त्याच वसतिगृहातले ना? म्हटले, होय, एक वर्षाचे. ते म्हणाले, मग झाले तर.

तेव्हा सुरुवात तिथूनच करतो. १९८७ साली आम्ही दहावी पास झालो आणि अकरावीला रत्नागिरीत आलो. आमच्या गावातून तालुक्याला यायचे तर सकाळची एक एसटी, आणि पावसात पऱ्याला पाणी आले की तीही नाही. वसतिगृहात जागा मिळाली नसती तर अकरावीचे तोंड बघितले नसते. एका खोलीत आठ जण. प्रत्येकाची एक पत्र्याची ट्रंक, एक चटई, एक वाकळ. पावसाळ्यात कौलातून गळायचे तेव्हा आठही चटया एका कोपऱ्यात यायच्या आणि कुणाचा पाय कुणाच्या अंगावर आहे याचा हिशेब राहायचा नाही. महिन्याकाठी कुणाच्या तरी घरून तांदूळ यायचे, कुणाच्या घरून सुकट, कुणाच्या घरून कुळीथ. जे येईल ते आठांचे. एका मुलाकडे इंग्रजीचा शब्दकोश होता. तो शब्दकोश आमच्या खोलीतली सगळ्यात मोठी इस्टेट.

आणि स्वयंपाकाला एक मावशी होत्या. पगार थोडा आणि पोरे फार. रात्री उशिरा कुणी आला की अंधारातून आवाज यायचा, "जेवलाव काय रं?" नाही म्हटले की चूल परत पेटायची. त्यांच्याबद्दल पुढे बोलतो.

१९८८ च्या मे महिन्यात बाबांना खोकल्याने धरले. बाबा गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर ज्यांना परत आत घेतले त्यांच्यापैकी ते एक. घरात धाकटी तिघे. बाबांच्या जागी आम्हाला बदली कार्ड मिळाले आणि आम्ही ट्रंक उचलून मुंबईला गेलो. शब्दकोश ज्याचा होता त्याने एसटी सुटताना तो खिडकीतून आमच्या हातात दिला. आम्ही नको म्हटले. तो म्हणाला, ने, तुला रातपाळीत वाचायला होईल. तो आज इथे बसलेला आहे. त्याच्या शब्दकोशाशिवाय त्याने बारावी कशी काढली ते त्यालाच विचारा.

म्हणजे आम्ही आठ जण होतो ते सात राहिले आणि आमच्या जागेवर दुसरा मुलगा आला. आज सत्कार होणारे आठ ते हे. आम्ही ह्या आठांत नाही, आणि आम्हाला त्याची खंत नाही असे म्हटले तर ते खोटे होईल. सुरुवातीची पाचसहा वर्षे कुणाचा निकाल कळला की आनंद व्हायचा आणि रात्री झोप यायची नाही. दोन्ही खरे.

आता मुद्द्यावर येतो. सत्कार म्हणजे काय? आपल्याकडे तोंडात शाल-श्रीफळ हा शब्द बसलेला आहे. नारळ आपण सोडला, शब्द सुटत नाही. आपण शाल आणि पुस्तक देतो. ही पुस्तक द्यायची पद्धत कुठून आली हे आजच्या पोरांना ठाऊक नसते, म्हणून सांगतो.

बाबासाहेब शाळकरी असताना त्यांचा एक सत्कार झाला होता. चरित्रकार तो १९०७ साली मॅट्रिक झाल्यानंतरचा धरतात आणि त्या सभेचे अध्यक्ष सीताराम केशव बोले होते असे लिहितात. स्वतः बाबासाहेबांनी मात्र १९५६ साली आपल्या धम्मग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत तो इंग्रजी चौथी पास झाल्यावेळचा सांगितला आहे, आणि अध्यक्ष म्हणून केळुसकर गुरुजींचे नाव दिले आहे. आम्ही ह्या वादात पडत नाही. आम्हाला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. समाजाची माणसे रामजी सुभेदारांकडे परवानगी मागायला गेली तेव्हा सुभेदारांनी साफ नकार दिला. पोराच्या डोक्यात हवा जाईल, एवढी काय मोठी गोष्ट केली त्याने, असे त्यांचे म्हणणे. मंडळी हटली नाहीत. ती केळुसकर गुरुजींकडे गेली, गुरुजींनी सुभेदारांची समजूत घातली आणि मग सभा झाली. बापाचा नकार आणि समाजाचा हट्ट, दोन्हींत तथ्य होते बघा.

त्या सभेत कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी छोट्या भीमरावाच्या हातात काय दिले? स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र. हे केळुसकर मूळचे केळूसचे, वेंगुर्ल्याकडचे. तो मुलूख १९८१ साली सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातच होता. म्हणजे आपल्या मुलखातल्या माणसाने एका सत्कारात एक पुस्तक दिले आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात काय झाले ते जगाने पाहिले. मधे एकोणपन्नास वर्षे. बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवले आहे की त्या पुस्तकाने त्यांना हलवले.

पण गुरुजी पुस्तक देऊन घरी गेले नाहीत. पुढे कॉलेजच्या शिक्षणाला सुभेदारांचे पैसे पुरेनात तेव्हा ह्याच केळुसकरांनी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा पंचवीस रुपये शिष्यवृत्ती मिळाली. आणि बोल्यांनी १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करण्याचा ठराव पास करून घेतला. त्याच ठरावाच्या जोरावर १९२७ साली महाडचे चवदार तळे. सांगायचे काय, की त्या सभेला बसलेली माणसे सभा संपल्यावरही कामाला लागलेली होती. हार घातला, फोटो काढला, जेवण करून एसटी पकडली, असे नव्हते.

आता वसतिगृहाच्या भावकीबद्दल.

बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथल्या वसतिगृहात त्यांना नवल भथेना नावाचा पारशी तरुण भेटला. धर्म वेगळा, जात नाही, घरची परिस्थिती वेगळी. पण एका छपराखाली राहिले. पुढे १९२० साली बाबासाहेबांना लंडनला अपुरे शिक्षण पुरे करायला जायचे होते तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत होती, स्वतःच्या पगारातली शिल्लक होती, आणि पाच हजार रुपये कर्जाऊ दिले ते ह्या भथेनांनी. १९२० सालचे पाच हजार. आम्ही जेव्हा खैरमोड्यांचे चरित्र गावकीच्या खोलीत बसून वाचत होतो तेव्हा ह्या ठिकाणी थांबलो आणि खिडकीतून मिळालेला तो शब्दकोश फळीवरून काढून बघितला.

आणखी एक ऐका. १९५२ च्या जानेवारीत बाबासाहेब मुंबईत निवडणूक हरले. ज्यांनी राज्यघटना लिहिली त्यांना लोकसभेत पाठवले गेले नाही. त्याच वर्षी ५ जूनला कोलंबिया विद्यापीठाने आपल्या ह्या जुन्या विद्यार्थ्याला न्यूयॉर्कला बोलावून सन्मानाची डॉक्टरेट दिली. घरच्यांनी पाडले आणि शाळेने बोलावले. शाळेची आठवण मतदाराहून मोठी असते की काय कोण जाणे.

त्या अमेरिकेत कॉलेजांतून बंधुमंडळे असतात. एकदा त्यात गेला की जन्मभराचा भाऊ. गोऱ्यांच्या मंडळांत काळ्या पोरांना घेत नसत, राहायला जागा मिळत नसे. न्यूयॉर्क राज्यात कॉर्नेल म्हणून विद्यापीठ आहे, तिथे एका वर्षी आलेली सहा काळी मुले पुढच्या वर्षी परत आलीच नाहीत. शिक्षण सोडून गेली. कारण अभ्यास नव्हे, एकटेपणा. तेव्हा उरलेल्यांनी आधी वाचनमंडळ काढले आणि ४ डिसेंबर १९०६ ला स्वतःचे बंधुमंडळ उभे केले. सात विद्यार्थी. नाव अल्फा फाय अल्फा. त्याच्या शाखा कॉलेजाकॉलेजांत निघाल्या. १९२० च्या आसपास ह्या मंडळाने आपल्या समाजात शाळेत जा, कॉलेजात जा अशी मोहीम काढली. त्याच मंडळात वकील थर्गूड मार्शल होते, ज्यांनी १९५४ साली काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळांविरुद्धचा खटला जिंकला आणि १९६७ साली ते अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचे पहिले काळे न्यायाधीश झाले. विद्वान डू बॉइस त्यात होते, ज्यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिले होते. आणि मार्टिन ल्यूथर किंगही त्यातलेच, बॉस्टनला शिकत असताना १९५२ साली दाखल झालेले.

किंग १९६८ साली मारले गेले. १९८४ साली त्या बंधुमंडळाने ठरवले की आपल्या भावाचे स्मारक राजधानीत झाले पाहिजे. सरकारची मंजुरी १९९६ साली मिळाली, स्मारक खुले झाले २०११ साली. सत्तावीस वर्षे पैसा गोळा करीत आणि कागद फिरवीत बसले. आपल्या समितीला सभामंडपाचे पत्रे बदलायला चार वर्षे लागली म्हणून आपण एकमेकांची उणीदुणी काढतो, म्हणून ही गोष्ट मुद्दाम सांगितली.

आपल्याकडेही हे सगळे झालेले आहे, आपण त्याला बंधुमंडळ म्हणत नाही एवढेच. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ च्या जानेवारीत सोलापुरात वसतिगृह काढले. शाळा नंतर, वसतिगृह आधी. कारण पोराला शाळेत बसू दिले तरी रात्री झोपायचे कुठे आणि खायचे काय हा प्रश्न होता. धारवाडला बळवंतराव वराळे वसतिगृह चालवीत. रमाई तिथे काही दिवस राहायला गेल्या असताना मुलांच्या धान्याची अडचण झाली. त्यांनी स्वतःच्या सोन्याच्या बांगड्या काढून दिल्या, ही वराळ्यांकडून आलेली आठवण आपल्या घराघरात सांगितली जाते. वणंदची, दापोली तालुक्यातली ही लेक. तिचा बाप बंदरावर माशांच्या टोपल्या वाहत असे. तिला स्वतःला शाळा मिळाली नाही. बांगड्या मात्र तिच्या गेल्या.

मग १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि २० जून १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज. नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून तिथे सकाळचे वर्ग. आमच्या खोलीतले एक काका पहाटे पाचला उठून सिद्धार्थला जात आणि तिथून थेट नोकरीवर. १९५० साली औरंगाबादचे मिलिंद, नागसेनवनात. त्या मिलिंदमधून बी. ए. झालेले सुखदेव थोरात २००६ साली विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. वडाळ्याचे सिद्धार्थ विहार हे वसतिगृह तर आमच्या तरुणपणी तीर्थासारखे. राजा ढाले तिथे राहत. पँथरच्या दिवसांत त्या खोल्यांतून रात्र रात्र वाद चालत. आम्ही मुंबईला पोचलो तोवर ते दिवस सरले होते, पण एका रविवारी नुसते वास्तू बघायला गेलो आणि जिन्यात बसून आलो.

जुन्या रत्नागिरी जिल्ह्याचे म्हणाल तर मुणग्यात जन्मलेले भालचंद्र मुणगेकर २००० साली मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. फणसवळ्याच्या ऊर्मिला पवारांचे 'आयदान' २००३ साली आले. आई बांबूची आयदाने विणायची, लेकीने पुस्तक विणले. व्यासपीठावर नजर टाका. आठ पुरुष. आमच्या वेळी मुलींचे वसतिगृह आपल्या पोरींच्या वाट्याला नव्हते, हे कारण खरे आहे. पण पोरगी दहावी झाली की काजूच्या कारखान्यात धाडणारे आम्हीच होतो हेही खरे आहे. आमच्या धाकट्या बहिणीला आम्हीच धाडली. तिला गणितात आमच्याहून जास्त गुण होते.

आता गावकीच्या खोलीविषयी सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. परळची ती खोली. दहा बाय बारा. पाळ्या तीन, म्हणून माणसेही तीन पाळ्यांत झोपायची. आमचे आजोबा त्याच खोलीत राहिले. त्यांना साचेखात्यात घेत नसत, कारण धोट्यातला तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि आपल्या माणसाच्या तोंडाचा धोटा दुसऱ्यांना चालत नसे. साचेखात्यात मजुरी जास्त, म्हणून हा विटाळ फार हिशेबी होता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न काढला. आमची त्रासनखात्यातली जागा ही अशी आजोबा, बाबा आणि आम्ही, तीन पिढ्यांची.

त्या खोलीत महिन्याला वर्गणी निघायची. त्यातून गावच्या शाखेला काही, आणि वसतिगृहातल्या मुलांना काही. आम्ही आमच्या पहिल्या पगारातून वीस रुपये दिले, आणि ते आमच्याच खोलीतल्या सात जणांसाठी गेले. हे आम्ही उपकार म्हणून सांगत नाही. बदली कामगाराच्या वीस रुपयांची किंमत तुमच्यातल्या बायांना कळेल.

आता जे सांगणार आहोत ते सांगावे की नाही यावर आम्ही आठ दिवस विचार केला. ज्याच्याबद्दल आहे तो म्हणाला, सांगा. नाव सांगितलेत तरी चालेल, म्हणाला. नाव आम्ही सांगत नाही.

२००४ साली आमच्या खोलीतल्या एका मुलाच्या फॉर्मवर अधिकाऱ्याची सही हवी होती. ह्या आठांपैकी एक जण तेव्हा मुंबईत एका मोठ्या कचेरीत अधिकारी होता. आम्ही रातपाळी करून, तसेच, अंगावर कापसाचे तंतू घेऊन मुलाला घेऊन गेलो. लांबून तो दिसला तसा आम्ही व्हरांड्यातूनच मोठ्याने "जयभीम!" घातला. एका चटईवर झोपलेला आपला भाऊ. त्याचा चेहरा उतरला. तो पटकन पुढे आला, आम्हाला दंडाला धरून जिन्याने खाली नेले, रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर. म्हणाला, दादा, इथे असे मोठ्याने नको.

ही गोष्ट आम्ही पंधरा वर्षे सांगत फिरलो. खोलीत सांगितली, मंडळाच्या सभेत सांगितली, १४ एप्रिलच्या भाषणात सांगितली. बाबासाहेबांनी १९५६ च्या मार्चमध्ये आग्र्याला शिकलेल्या लोकांबद्दल दुःख व्यक्त केले होते, त्याच्या जोडीला आम्ही ही गोष्ट ठेवायचो. टाळ्या पडायच्या. माणूस कोण ते लोक कुजबुजीने शोधून काढायचे आणि आम्ही नाही-नाही म्हणत हसायचो.

मागच्या महिन्यात तो गावी आला होता. संध्याकाळी विहारात आला, एकटाच, मागे बसला. वंदना झाल्यावर आम्हाला म्हणाला, "दादा, ती टपरीची गोष्ट माझ्या मुलीच्या कानावर आली. तिने विचारले, पप्पा, खरे काय?"

आमच्या तोंडातून शब्द निघाला नाही. कारण गोष्ट सांगताना आम्ही एक भाग नेहमी गाळत आलो होतो. त्याने त्या टपरीच्या फळीवर फॉर्म ठेवून सही केली होती. एक नव्हे, चार सह्या, चार प्रतींवर. वरती जाऊन शिक्का आणला. मुलाला वडापाव खायला घातला. अर्धा तास तो उन्हात आमच्याबरोबर उभा होता. तो मुलगा आज शिक्षक आहे आणि समोर तिसऱ्या रांगेत बसला आहे. एवढे सगळे आम्ही गाळले, कारण ते सांगितले की टाळी पडत नसे.

आणि त्याने त्या संध्याकाळी आम्हाला सांगितले की त्या कचेरीत आडनाव कळल्यावर त्याच्या पाण्याच्या ग्लासाचे काय झाले होते. भाड्याची खोली दोनदा कशी सोडावी लागली. तेव्हा आम्ही गिरणीत होतो. गिरणीत आमच्या जातीची माणसे शेकड्याने होती. आम्हाला मोठ्याने जयभीम घालायला हिंमत लागत नव्हती. त्या मजल्यावर तो एकटा होता. कॉर्नेलची ती परत न आलेली सहा पोरे आम्ही पुस्तकात वाचली होती, आणि आपल्याच खोलीतला एक तसा उभा होता ते आम्हाला दिसले नाही.

आज सर्वांसमक्ष आम्ही त्याची माफी मागतो. ती पंधरा वर्षे सभांतून गेली, माफीही सभेतच गेली पाहिजे.

पण बाबांनो, माफी मागितली म्हणून आमचे म्हणणे संपले असे समजू नका. जयभीम खाली टपरीवर न्यावा लागला हे झालेच. का न्यावा लागला हे आम्हाला आता समजले, पण आजही तुमच्यातले काही जण घरावरच्या पाटीला आडनाव लावत नाहीत, बाबासाहेबांचा फोटो आतल्या खोलीत ठेवतात. आम्ही दोष देत नाही. आम्ही विचारतो की असा एकटा एकटा माणूस किती दिवस टिकणार? तुमच्या मागून गेलेली आपली पोरे आज त्याच कचेऱ्यांत, त्याच शहरांत एकटी आहेत. त्यांना फोन कोण करते? तुम्ही आठ जण एकमेकांना वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवता, ते आम्ही मोबाईलवर बघतो, चांगले आहे. त्या यादीत मागच्या पंचवीस वर्षांतल्या मुलांपैकी एकाचे तरी नाव आहे काय?

१९४४ पासून आपल्या मुलांना मॅट्रिकनंतरची भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात असतानाची. धर्मांतर केल्यावर केंद्राच्या सवलती आपल्याला नव्हत्या, त्या १९९० साली मिळाल्या. आता वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजनाही आहे. कागदावर आमच्या वेळेपेक्षा पुष्कळ आहे. पण फॉर्म मोबाईलवर भरायचा, ओटीपी यायचा, दाखला जोडायचा, आणि आपल्या वाडीत रेंज येते ती पिंपळाच्या पारावर. मागच्या वर्षी आपल्या वाडीतल्या दोन मुलींचे फॉर्म एका दाखल्यापायी राहिले. त्यातली एक काजूला जाते. पुन्हा तेच.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि आमच्या गिरणीचा भोंगा थांबला तो थांबलाच. आम्ही गावी आलो. आमच्याकडे आता वेळ आहे, फॉर्मचे ज्ञान नाही. तुमच्याकडे ज्ञान आहे आणि वेळ नाही असे तुम्ही म्हणता. मधे कुठेतरी भेटू.

मावशींबद्दल सांगायचे राहिले होते. समितीच्या बैठकीत आम्ही म्हटले, आठ शाली आणल्यात, नववी आणा. एकजण म्हणाला, त्यांनी काय पदवी घेतली? आम्ही म्हटले, आठ पदव्या त्यांच्या चुलीवर शिजल्या. हो-ना करता करता मंजूर झाले. मावशी आता नाहीत. त्यांची मुलगी मागे खांबाला टेकून बसली आहे, तिला पुढे यायला सांगा. ताई, लाजू नका, या. आठही शाली आम्ही घातल्या, ही नववी मात्र ज्याने मावशींच्या हातचे सगळ्यात जास्त खाल्ले त्याने घालावी. कोण ते त्या आठांना माहीत आहे, बघा कसे हसतायत.

जेवणाची वेळ झाली, म्हणून शेवटचे. जूनच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजता इथेच विहारात फॉर्म भरायला बसायचे आहे. अकरावीपासून पुढच्या सर्व मुलामुलींनी यावे. येताना जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रक, आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक आणावे. ज्यांचे दाखले निघालेले नाहीत त्यांनी आजच जेवणानंतर आम्हाला गाठावे, उद्या तहसीलला जाऊ. आठांपैकी त्या रविवारी कोण येणार त्यांनी आत्ता ह्या वहीत नाव लिहावे. दादा, तुम्ही पहिले लिहिलेत, चांगले झाले. वही पुढे द्या.

जयभीम. नमो बुद्धाय.